पाणी ओसरले, ताप मात्र मागे राहिला

जुलै महिन्यातली एखादी संध्याकाळ. दुपारपासून पाऊस कोसळतो आहे. लोकल बंद पडली आहे, बस वाटेतच थांबली आहे. कामावरून सुटलेला माणूस चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून घराकडे निघतो. घरात पाहतो तर मोरीतून उलटे पाणी आलेले. गाद्या-गोधड्या माळ्यावर टाकायच्या, मुलांना पलंगावर बसवायचे आणि नवरा-बायकोने रात्रभर बादलीने पाणी उपसायचे. सकाळी पाणी ओसरते. माणूस पुन्हा हजेरी लावायला बाहेर पडतो, कारण खाडा परवडत नाही.

आठ-दहा दिवस जातात. मग एका रात्री थंडी वाजून ताप भरतो. डोके ठणकते, डोळे लाल होतात, पोटऱ्या इतक्या दुखतात की जिना चढवत नाही. "पावसात भिजलो, दुसरं काय!" असे म्हणून तो मेडिकलमधून दोन गोळ्या आणतो आणि ताप अंगावर काढतो. घरातली बाई म्हणते, "अहो, दवाखान्यात जाऊन या." तो म्हणतो, "उद्या जातो." असे दोन-तीन उद्या निघून जातात. मग डोळे पिवळे दिसू लागतात, लघवी कमी होते, धाप लागते. तेव्हा कुठे रिक्षा बोलावून इस्पितळ गाठले जाते. पण तोवर फार उशीर झालेला असतो.

बंधू-भगिनींनो, हे चित्र कोणा एका घराचे नाही. मुंबई-ठाण्याच्या सखल वस्त्यांत आणि कोकणातल्या भातशेतीच्या गावांत दर पावसाळ्यात थोड्याफार फरकाने हेच घडते. या तापाचे नाव आहे लेप्टोस्पायरोसिस. आपण त्याला 'लेप्टो' म्हणतो. हा ताप येतो कसा, त्यात उंदराचा, कुत्र्याचा, म्हशीचा वाटा किती, बुजवलेल्या नदीचा आणि तापलेल्या समुद्राचा वाटा किती, हे समजून घेतले तर आपल्या घरातले एखादे माणूस वाचू शकते. म्हणून हा लेख.

हा आजार आहे तरी कोणता?

लेप्टोचे जंतू अतिशय बारीक, मळसूत्रासारखे वळणदार असतात. सूक्ष्मदर्शकाशिवाय ते दिसत नाहीत. जर्मनीतील डॉक्टर अॅडॉल्फ वाइल यांनी 1886 साली कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड घेऊन येणाऱ्या या तापाचे वर्णन केले. पण त्याचे कारण सापडले ते जपानमध्ये. 1915 साली इनाडा आणि ईडो या दोन संशोधकांनी या तापाचे जंतू शोधून काढले. हे रोगी कोण होते? कोळशाच्या खाणीत ओल्या चिखलात काम करणारे मजूर. म्हणजे पहिल्यापासूनच हा रोग पाण्यात पाय ठेवून पोट भरणाऱ्यांच्या मागे लागलेला आहे.

उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात हे जंतू घर करून राहतात. गंमत अशी की उंदराला त्याचा फारसा त्रास होत नाही. तो धडधाकट फिरतो आणि त्याच्या मुतातून जंतू बाहेर पडत राहतात. कोरड्या जागी आणि उन्हात ते लवकर मरतात. पण ओली माती, चिखल आणि साचलेले पाणी मिळाले की कित्येक दिवस, कधी आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात. पुराच्या पाण्यात आपण उतरलो की पायाच्या भेगांतून, जखमेतून, खरचटलेल्या कातडीतून ते शरीरात शिरतात. डोळे, नाक, तोंड यांच्या नाजूक त्वचेतूनही शिरतात.

जंतू शिरल्यावर बहुधा 5 ते 14 दिवसांत ताप येतो. क्वचित महिनाभरही लागतो. त्यामुळे ताप येतो तेव्हा पुराचे पाणी कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते. बऱ्याच जणांचा आजार सौम्य राहून बरा होतो. काहींच्या बाबतीत मात्र यकृत, मूत्रपिंड आणि फुफ्फुसांवर घाला पडतो. फुफ्फुसात रक्तस्राव झाला तर रोगी वाचवणे फार कठीण जाते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे 10 लाख लोकांना हा आजार होतो आणि सुमारे 59 हजार लोक दगावतात.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. हा रोग सहसा माणसापासून माणसाला होत नाही. म्हणून लेप्टो झालेल्या शेजाऱ्याला वाळीत टाकल्यासारखे वागवू नका. त्याच्या घरी जा, विचारपूस करा, डबा द्या.

मुकी जनावरेही आजारी पडतात

सगळा दोष उंदराच्या माथी मारून आपण मोकळे होतो. पण हे जंतू कुत्रा, डुक्कर, गाय, म्हैस, शेळी यांनाही होतात. कुत्र्याला कावीळ होते, त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. गाई-म्हशींचे दूध एकाएकी घटते. गाभण जनावर दिवस भरण्याआधीच गाभ टाकते. गोठ्यातल्या माणसाला वाटते, कोणाची नजर लागली किंवा चारा बाधला. प्रत्यक्षात गोठ्याच्या डबक्यात आणि उंदरांनी नासवलेल्या पेंडीत रोग दडलेला असू शकतो. मग तेच जनावर आपल्या मुतातून जंतू सोडू लागते आणि शेण काढणाऱ्या, धार काढणाऱ्या माणसाच्या हाताला रोग लागतो. एकदा हे चक्र सुरू झाले की माणूस आणि जनावर दोघेही त्यात सापडतात. म्हणून माणसाचा डॉक्टर वेगळा आणि जनावराचा वेगळा असला, तरी रोगाचा विचार एकत्रच करावा लागतो.

उंदरांची संख्या वाढते कशामुळे? उंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी अनेक पिल्ले देते. तिला हवे असते ते फक्त अन्न आणि बीळ. चार-चार दिवस न उचललेली कचराकुंडी, हॉटेलांचे आणि मंडईचे उघड्यावर फेकलेले खरकटे, फुटकी गटारे असली की उंदरांचे राज्य सुरू होते. त्याच कचऱ्यावर भटकी कुत्रीही जगतात. मुंबई महापालिकेत रात्री हातात काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारत फिरणारे कामगार आहेत. हे काम किती कष्टाचे आणि धोक्याचे, याची शहराला जाणीवही नसते. पण कचरा जोवर उघडा आहे, तोवर कितीही उंदीर मारले तरी ते पुरे पडणार नाही.

26 जुलैचा धडा

मुंबईकर 26 जुलै 2005 हा दिवस विसरूच शकत नाहीत. सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वेळी कुलाब्यात शंभर मिलिमीटरही पडला नव्हता. एकाच शहरात हा फरक! शहराची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तीही समुद्राला ओहोटी असेल तर. त्या दुपारी तर भरती होती. पाणी जाणार कुठे? मुंबईत चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दावणीला बांधलेल्या म्हशी, शेळ्या-मेंढ्या बांधल्या जागीच बुडाल्या. मेलेली जनावरे, गटाराचे पाणी आणि चिखल यांनी वस्त्या भरून गेल्या.

पाणी ओसरले आणि ऑगस्टमध्ये तापाची साथ आली. आधीच्या वर्षांच्या तुलनेत त्या वर्षी लेप्टोचे रोगी सुमारे आठपट वाढल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले. हे काही पहिल्यांदाच घडत नव्हते. 2000 सालच्या पावसाळ्यातही मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील तापाने आजारी मुलांची तपासणी झाली होती आणि त्यांतल्या अनेकांना लेप्टो असल्याचे आढळले होते. साचलेल्या पाण्यातून शाळेत जाणारी, त्याच पाण्यात खेळणारी ही मुले होती.

आता मिठी नदीकडे पाहू. विहार आणि पवई तलावांचे जादा पाणी घेऊन ही नदी माहीमच्या खाडीला मिळते. लांबी सुमारे 18 किलोमीटर. आज अनेकांना ती नाला वाटते. विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिला वळवले, तिचे पात्र आवळले. वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले ते खाडीकाठची दलदल भरून. भरतीचे पाणी शोषणारी, लाटांचा जोर अडवणारी खारफुटी तोडली गेली. कारखान्यांचा, गॅरेजांचा कचरा, तबेल्यांचे शेण आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या नदीत गेल्या. पुरानंतर शासनाने जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि नदीच्या या अवस्थेची सविस्तर चर्चा झाली. 2005 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यास मनाई केली, 2018 साली तो निर्णय कायम केला.

पूर आला की बोट दाखवले जाते नाल्याकाठच्या झोपडीकडे. नाल्याकाठी बांधकाम झाले हे खरे आहे. पण माणूस हौसेने नाल्याच्या तोंडावर संसार थाटत नाही. शहराला त्याचे श्रम हवे होते, त्याला घर द्यायला मात्र जागा नव्हती. शिवाय नदीवर धावपट्टी आणि दलदलीवर काचेच्या इमारती झोपडीवाल्याने बांधल्या नाहीत. पाणी अडले ते सगळ्यांच्या बांधकामांनी. ते साचले मात्र सगळ्यांत खालच्या वस्तीत.

पाऊस असा का वागू लागला?

म्हातारी माणसे म्हणतात, "पूर्वी झड लागायची, आठ-आठ दिवस रिमझिम चालायची. आता एक तर कोरडे ठाक, नाही तर ढगफुटी." त्यांच्या या बोलण्याला शास्त्राचाही आधार आहे.

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला आणि पृथ्वीचे तापमान वाढत चालले. हवा 1 अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. आपला अरबी समुद्रही तापतो आहे. तिथून निघालेले बाष्पाचे लोट मधूनमधून एकदम जमिनीवर येतात आणि थोड्या वेळात प्रचंड पाऊस पाडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 ते 2015 या काळातील पावसाचा अभ्यास करून 2017 साली निष्कर्ष मांडला. महाराष्ट्र ज्यात येतो त्या मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना या काळात तिपटीने वाढल्या, असे त्यांना आढळले. याच पट्ट्यातला मोसमी पाऊस एकूण मात्र घटला होता.

याचा आपल्या पायांशी काय संबंध? अतिवृष्टी वाढली की तुंबणे वाढते. बिळांत पाणी शिरले की उंदीर-घुशी वर, माणसांच्या घरांत येतात. गटाराचे पाणी आणि पिण्याचे पाणी एकमेकांत मिसळते. उबदार, दमट हवेत जंतूंना जगायला सोपे जाते. 1999 च्या ओरिसातील महाचक्रीवादळानंतर लेप्टोची साथ आली. 2018 च्या केरळच्या महापुरानंतर तिथल्या आरोग्य खात्याला गावोगाव प्रतिबंधक गोळ्या वाटाव्या लागल्या. 2021 च्या जुलैत सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले, तेव्हाही पाणी ओसरताच चिखल उपसणाऱ्या हातापायांना याच रोगाची धास्ती होती. गाव बदलले, नदी बदलली, तरी पुरामागून ताप येतोच.

आणि तो सर्वांना सारखा येत नाही. मोटारीतून जाणाऱ्याच्या पायाला पाणी लागत नाही. गटार साफ करणारा सफाई कामगार, नाक्यावरचा बिगारी, माल वाहणारा हमाल, भाताची लावणी करणारी बाई, दक्षिण गुजरातेत उसाच्या आणि भाताच्या शेतात अनवाणी राबणारा मजूर, तबेल्यातला गडी यांच्याच वाट्याला तो अधिक येतो. धूर सोडण्यात ज्यांचा वाटा सर्वांत कमी, त्यांनाच त्याची किंमत आधी मोजावी लागते.

घरात एवढे कराच

पुराच्या पाण्यातून जावेच लागले तर अनवाणी जाऊ नका. गमबूट असतील तर उत्तम. नसतील तर निदान बंद बूट घाला. जखम असेल तर ती झाकून घ्या. घरी आल्यावर आधी साबणाने पाय स्वच्छ धुऊन कोरडे करा, मग चहा. लहान मुलांना साचलेल्या पाण्यात खेळू देऊ नका.

पाण्यातून चालल्यावर, विशेषतः पायाला जखम असेल तर, 72 तासांच्या आत महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात जा आणि "मी पुराच्या पाण्यातून चाललो आहे" असे स्पष्ट सांगा. डॉक्टर प्रतिबंधक म्हणून डॉक्सिसायक्लिन नावाची गोळी देऊ शकतात. सरकारी दवाखान्यात ती मिळते. मात्र ती कोणाला, किती आणि कितीदा घ्यायची हे डॉक्टरांनीच ठरवायचे. गरोदर बायांना आणि 8 वर्षांखालील मुलांना सहसा दुसरे औषध दिले जाते. म्हणून एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नका.

पावसाळ्यात ताप आला तर तो अंगावर काढू नका. पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, डोळे वा लघवी पिवळी होणे, लघवी कमी होणे, दम लागणे, थुंकीतून रक्त येणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. सुरुवातीच्या दिवसांत रक्ताची तपासणी कधी कधी निर्दोष येते. ताप तसाच राहिला तर पुन्हा दाखवा. दुखण्याच्या तीव्र गोळ्या मनाने घेऊ नका. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचाही असू शकतो आणि अशा गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. लेप्टोवरचे नेहमीचे औषध महाग नाही. लवकर सुरू केले तर बहुतेक रोगी बरे होतात. एका दिवसाच्या खाड्याची मजुरी वाचवायला जाऊन घराचा कर्ता माणूस गमावू नका.

पाणी ओसरल्यावर घर साफ करताना हातमोजे घाला, नसतील तर जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताला बांधा. फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसा. पाणी उकळून प्या. पुराचे पाणी लागलेले अन्न टाकून द्या, जिवावर येत असले तरी. पीठ-तांदूळ झाकणाच्या डब्यात ठेवा. खरकटे रात्रभर दाराशी ठेवू नका. घरी जनावर असेल तर गोठा कोरडा ठेवा, पडलेल्या गाभाला उघड्या हाताने शिवू नका आणि पशुवैद्याला बोलवा. पाळीव कुत्र्याला लेप्टोची लस मिळते.

आणि एवढे मागाच

घरातली काळजी आपण घेऊ. पण नाला काही आपण एकट्याने उपसू शकत नाही. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या संविधानाच्या 47 व्या कलमात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले आहे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यासाठी थेट न्यायालयात दावा लावता येत नसला, तरी राज्यकारभार त्याला धरून चालावा अशी संविधानाचीच अपेक्षा आहे. पुढे 1976 च्या दुरुस्तीने 51-क या कलमात नागरिकांची कर्तव्येही आली. नद्या, वने यांचे रक्षण करावे आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगावी, हे त्यांपैकी एक आहे. शासनाचे कर्तव्य आणि आपले कर्तव्य, दोन्ही एकाच ग्रंथात लिहिलेली आहेत.

तेव्हा वस्तीतल्या मंडळाने, महिला बचत गटाने मे महिन्यातच एकत्र बसावे. वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्यावा. आपल्या वस्तीचा नाला कधी साफ होणार? काढलेला गाळ काठावरच ठेवून पहिल्या पावसात पुन्हा नाल्यात जाणार, की उचलला जाणार? कचरा रोज उचलला जाईल का? पाणी भरले तर दुसऱ्या दिवशी वस्तीत आरोग्य शिबिर लागेल का? सफाई कामगारांना, मग ते कायम असोत वा कंत्राटी, गमबूट आणि हातमोजे दिले का? अर्जाची पोच घ्यावी. उत्तर न आल्यास 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली 10 रुपये भरून तीच माहिती मागता येते. साधारणपणे 30 दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. वस्तीत शिकलेली मुले-मुली आहेत. हा अर्ज त्यांच्याकडून लिहून घ्या. शिक्षणाचा याहून चांगला उपयोग कोणता?

त्याच बैठकीत आणखी एक काम करता येईल. वस्तीतल्या कोणाकोणाला नोकरीत पाण्यात, चिखलात, जनावरांत उतरावे लागते, याची यादी करा. पाऊस झाल्यानंतर पंधरा दिवस त्या घरांत रोज एकाने डोकावून फक्त एवढेच विचारायचे, "ताप आहे का कुणाला?" असेल तर त्याला एकट्याला न सोडता दवाखान्यात घेऊन जायचे. पाणी दर वर्षी चढते आणि ओसरते. त्यानंतरच्या त्या पंधरा दिवसांत आपण जागे असलो, तर त्या तापापायी कोणत्याही घरातला माणूस जाण्याचे कारण नाही.